दुखणं नाकाचं, मूळ दाढेचं

(आपल्या मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जे विसरलो होतो ते इथे घातलं आहे, आणि जे विनोद पडले ते काढून टाकले आहेत.)



सर्वप्रथम एक खुलासा. कार्यक्रमाच्या इ-मेलमध्ये माझ्या नावाआधी चुकून 'डॉ.' पडलं आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यात २००९ साली कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि तेव्हापासून एका कंपनीची सिस्टिम दुसऱ्या कंपनीच्या सिस्टिमशी बोलती करून देण्याचं काम करतो. आपल्यात खरे डॉक्टर आणि डेंटिस्ट बसलेले आहेत, ते समोरच्याच रांगेत आहेत आणि त्यांच्यातल्या दोघांनी आधीच माझ्याकडे 'बघू या काय बोलतो ते' अशा नजरेने पाहिलं आहे. तेव्हा मी फक्त पेशंट म्हणून बोलणार आहे. चुकलं तर त्यांनी तिथल्या तिथे थांबवावं.

माझ्या धंद्यात एक अनुभव वारंवार येतो. दोन्हीकडच्या सिस्टिम्स आपापल्या जागी व्यवस्थित चालत असतात. ही टीम म्हणते आमच्याकडे सगळं ठीक आहे, ती टीम म्हणते आमच्याकडेही सगळं ठीक आहे, आणि तरी दर सोमवारी सकाळी काहीतरी फुटतंच. कारण घोळ असतो दोघांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा कोणाच्याच ताब्यात नसते. हे मी क्लायंटला शंभर वेळा सांगितलं असेल. स्वतःच्या डोक्यात तसाच घोळ दोन वर्षं चालू होता, तो मात्र मला दिसला नाही.

गोष्ट सुरू झाली २०२० च्या ऑक्टोबरात. आपण सगळे मेरीलँडकर, त्यामुळे मी काय सांगणार! वसंतात गाड्यांवर पिवळा थर बसतो आणि फॉलमध्ये रॅगवीडने निम्मं गाव शिंकत असतं. त्यामुळे माझं उजवं नाक चोंदलं तेव्हा घरात कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ऍलर्जी! दुकानातून गोळ्या आणल्या, नाकात मारायचा फवारा आणला. काही फरक नाही. मग उजव्या गालात जडपणा यायला लागला. खाली वाकून बुटाची नाडी बांधायची म्हटलं की गालात कोणीतरी पाण्याची पिशवी ठेवली आहे असं वाटायचं. घशात मागून सतत काहीतरी उतरतंय, म्हणून सारखं खाकरणं. मीटिंगमध्ये म्यूट, अनम्यूट, म्यूट.

आणि वास. मास्कचे दिवस होते ते. मास्क लावला की मला घाण वास यायचा, कुजल्यासारखा. आधी वाटलं मास्क खराब आहे. बदलला. कापडी मास्क रोज धुतले. दुकानात रांगेत उभं असताना मला वाटायचं, माझ्या पुढच्या माणसाला येतोय की काय हा वास? चंदनाचा साबण, लवंग, वेलदोडा, सगळं करून पाहिलं. कोविडची तपासणी तीनदा केली, तिन्ही वेळा निगेटिव्ह.

घरगुती उपायांबद्दल सांगायलाच हवं, कारण तुमच्याकडेही हेच झालं असतं. आईचं निदान सोलापुरातून फोनवरच झालं होतं, 'फ्रिजमधलं पाणी पितोस.' तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी, हळद घातलेलं दूध, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ. वाफेने खरंच बरं वाटायचं, अर्धा तास. एका मित्राने जलनेतीचं भांडं आणून दिलं. इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो, ती विषयाबाहेरची असली तरी महत्त्वाची आहे. जलनेतीला नळाचं पाणी थेट वापरू नका. २०११ साली लुइझियानात दोन माणसं त्यामुळे दगावली. नळाच्या पाण्यातला एक सूक्ष्म अमीबा नाकातून मेंदूत गेला. तेच पाणी प्यायलं तर काही होत नाही, नाकातून गेलं तर होतं. प्रकार अतिशय दुर्मीळ आहे, पण पाणी उकळून गार करायला किंवा डिस्टिल्ड पाण्याची बाटली आणायला कितीसा वेळ लागतो?

तर, वाफ झाली, नेती झाली, मग डॉक्टर. फॅमिली डॉक्टरांनी दहा दिवसांची अँटिबायोटिक्स दिली. चौथ्या दिवशी मला एकदम मोकळं वाटलं, वास गेला, मी बायकोला म्हटलं, 'संपलं एकदाचं.' तीन आठवड्यांनी परत तेच. दोन वर्षांत असे चार कोर्स झाले. प्रत्येक वेळी आराम आणि प्रत्येक वेळी तीन-चार आठवड्यांनी पुनरागमन. ज्यांनी सर्व्हर सांभाळले आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. रीस्टार्ट केलं की चालतं, म्हणून सगळे रीस्टार्टच करत बसतात. का बंद पडतं ते कोणी पाहत नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे माझी लेक. तेव्हा ती चार वर्षांची होती. रात्री झोपताना गोष्ट सांगायचं काम माझं, ती माझ्या दंडावर डोकं ठेवून ऐकायची. एका रात्री म्हणाली, 'बाबा, तू तिकडे खुर्चीवर बसून सांग ना.' मी विचारलं, 'का गं?' ती काहीच बोलली नाही, नाक फक्त पांघरुणात घातलं. मी खुर्चीवर बसून गोष्ट सांगितली. त्यानंतर बरेच महिने खुर्चीवरूनच सांगितली. बायको काही बोलायची नाही, पण उशांमधलं अंतर वाढलं होतं. हे असं चारचौघांत सांगायला लाज वाटते. पण सायनस म्हणजे थोडी सर्दी आणि डोकेदुखी, असं समजणाऱ्यांना कळावं म्हणून सांगतोय.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकात दुर्बीण घातली, पू दिसला. सीटी स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की उजव्या गालामागचं सायनस जवळजवळ पूर्ण भरलंय, बाकीची स्वच्छ आहेत. औषधांनी होत नाही, तेव्हा दुर्बिणीतून ऑपरेशन करून सायनसचं तोंड मोठं करू या, असं ठरलं. २०२२ च्या सप्टेंबरातली तारीख मिळाली. मी ऑफिसात रजाही टाकली.

ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमा आली. सांगलीला माझी मामेबहीण आहे, ती डेंटिस्ट आहे. तिची राखी पोस्टाने वेळेवर पोचली होती, हेच मुळात आश्चर्य. मी व्हिडिओवर राखी दाखवली, ऑपरेशनचं सांगितलं. एरवी बडबडी असलेली ही बाई एकदम गप्प झाली आणि मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

'दादा, एकाच बाजूला आहे का रे?'

'हो, उजवीकडे.'

'घाण वास येतो?'

मी चमकलो. वासाचं मी तिला सांगितलंच नव्हतं. 'हो,' म्हटलं, 'तुला कसं कळलं?'

'त्या बाजूच्या वरच्या दाढेचं काही काम केलं आहेस का?'

आता मला आठवावं लागलं. २०१४ च्या जानेवारीत मी अमेरिकेला आलो. त्याआधी डिसेंबरात, निघायला आठ-दहा दिवस उरले असताना, उजवीकडची वरची दाढ ठणकायला लागली. अमेरिकेत दात म्हणजे दिवाळं हे सगळ्यांनी सांगून ठेवलेलं! घाईघाईने रूट कॅनल करून कॅप बसवून घेतली. डॉक्टर म्हणत होते, अजून एकदा या, मी म्हणत होतो, शुक्रवारचं विमान आहे. घाई माझीच होती.

'पण ती दाढ नऊ वर्षांत एकदाही दुखली नाही,' मी म्हटलं.

'नस काढलेली दाढ कशी दुखेल? आणि आतला पू वर सायनसमध्ये निघून जात असेल तर दाब साठतच नाही. मग ठणका कसला? ऑपरेशन जरा थांबव आणि आधी दाढ दाखव.'

दोन वर्षांत मला कोणीही दातांबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मीही कोणाला सांगितलं नव्हतं. नाकाच्या दवाखान्यात जो लांबलचक फॉर्म भरला, त्यात आजोबांच्या मधुमेहापर्यंत सगळं विचारलेलं होतं, दात नव्हते.

त्या रात्री मी सीटी स्कॅनची सीडी लॅपटॉपला लावली. (हल्ली लॅपटॉपला सीडी लावायची सोय नसते, त्यासाठी शेजारच्यांकडून ड्राइव्ह आणला, ती वेगळीच कथा.) एकेक चित्र सरकवत खाली गेलो. तपासणी सायनसची असल्यामुळे दात अगदी शेवटच्या काही चित्रांत, कडेकडेने आले होते. कॅपच्या धातूमुळे तिथे चांदणीसारखे पांढरे फराटे होते. आणि त्या दाढेच्या मुळाच्या टोकाशी, सायनसच्या तळाला, एक काळा गोल डाग. मला वाचता येतं असं मी म्हणणार नाही. पण डावीकडच्या दाढेला तसा डाग नव्हता, एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

आता जरा भूगोल समजून घेऊ. आपल्या चेहऱ्याच्या हाडांत हवेच्या पोकळ्या आहेत, चार जोड्या. त्यांतली सगळ्यात मोठी जोडी गालांमागे, वरच्या जबड्यात. प्रत्येक पोकळीत साधारण पंधरा मिलिलिटर मावेल एवढी जागा. मोठा चमचा म्हणा. या पोकळीची जमीन म्हणजेच वरच्या दाढांचं छत. जुन्या वाड्यात कसं, वरच्याची फळ्यांची जमीन तेच खालच्याचं छत, तसं. दाढांची मुळं या छताला टेकलेली असतात. काहींच्या बाबतीत मधे चांगलं जाड हाड असतं, काहींच्या बाबतीत कागदाएवढं, आणि काहींच्या बाबतीत मुळाचं टोक थेट पोकळीच्या अस्तराला लागलेलं असतं. मधे हाडच नाही. सगळ्यात जास्त भानगडी पहिल्या आणि दुसऱ्या मोठ्या दाढेच्या. पुढच्या दातांचा सहसा संबंध येत नाही.

दुसरी गंमत म्हणजे या खोलीची मोरी. कुठल्याही शहाण्या गवंड्याने मोरीचं भोक जमिनीलगत ठेवलं असतं. इथे ते भिंतीत वर, जवळजवळ छतापाशी आहे. मग आतला शेंबूड बाहेर कसा जातो? अस्तरावर अगदी बारीक, केसांसारखे तंतू असतात, ते सतत हलून त्याला चढावर ढकलत नेतात. रात्रंदिवस. खालून दाढेचा पू आला, अस्तर सुजलं, की हे तंतू थकतात, वरचं भोक सुजून बंद होतं आणि खोली तुंबते.

आणि अँटिबायोटिक्स का पुरत नव्हती? हे मला नंतर समजलं आणि समजल्यावर इतकं साधं वाटलं की राग आला. औषध रक्तातून पोचतं. मेलेल्या दाढेच्या आतल्या नळीत रक्तच जात नाही! सायनसमधले जंतू औषधाने मरायचे, मला बरं वाटायचं, पण दाढेतली वसाहत सुखरूप. कोर्स संपला की तिथून नवी कुमक वर. आणि तो वास? तोंडातले, हवेशिवाय वाढणारे जंतू असतात ना, त्यांचा. साध्या सर्दीत असा कुजका वास सहसा येत नाही.

ही काही नवी माहिती नाही, मंडळी. लिओनार्दो दा व्हिंचीने १४८९ मध्ये कवटीची जी चित्रं काढली त्यांत गालातली ही पोकळी स्पष्ट दिसते. १६५१ साली नथॅनिएल हायमोर नावाच्या इंग्रज डॉक्टरने तिचं नीट वर्णन केलं, म्हणून पुढे तिला त्याचंच नाव पडलं. त्याने एका बाईंची हकिगत लिहून ठेवली आहे. त्यांचा वरचा सुळा काढला, त्याबरोबर सायनसचं पातळ हाडही निघालं, आणि त्या भोकातून सतत स्राव यायला लागला. बाईंना कुतूहल! त्यांनी भोकात चांदीची सुई घातली. ती आत गेली, जातच राहिली. मग पक्ष्याचं एक पीस सोलून घातलं, तर तेही जवळजवळ सगळं आत गेलं. बाई घाबरल्या, त्यांना वाटलं पीस मेंदूत पोचलं! हायमोरने त्यांना समजावलं की बाई, तिथे एक रिकामी खोली आहे, पीस तिच्यातच गोल फिरतंय.

म्हणजे पावणेचारशे वर्षांपूर्वी नाक आणि दात यांचा संबंध एका डॉक्टरला ठाऊक होता. मग २०२२ मध्ये मला का कळू नये?

याचं एक उत्तर आपल्या गावातच आहे. जगातलं पहिलं दंतवैद्यकाचं स्वतंत्र कॉलेज १८४० साली बाल्टिमोरला निघालं. होरेस हेडन आणि चेपिन हॅरिस हे त्याचे संस्थापक. डाउनटाउनमध्ये दातांचं म्युझियम आहे, आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. जॉर्ज वॉशिंग्टनच्या कवळीची गोष्ट तिथेच ऐकली. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेताना त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. बाबा म्हणाले, 'माझे अजून सव्वीस आहेत.' असो. त्या कॉलेजामुळे दातांची विद्या सुधारली, न्हाव्यांच्या आणि लोहारांच्या हातातून निघाली, हे खरंच. पण शाळा वेगळी झाली, पदवी वेगळी झाली, आणि पुढे विमाही वेगळा झाला. जगभर तोच शिरस्ता पडला. आपल्याकडेही एमबीबीएस वेगळं आणि बीडीएस वेगळं. शरीरात मात्र दाढ आणि सायनस यांच्यामध्ये कागदाएवढी भिंत, आणि तीही कधीकधी नाही!

विम्याचं तर विचारूच नका. मेडिकलच्या कार्डावर माझं सायनसचं ऑपरेशन बसत होतं. दाढेचं काम मात्र डेंटलच्या कार्डावर, आणि बहुतेक डेंटल प्लॅनना वर्षाला हजार ते दोन हजार डॉलरची मर्यादा असते. एकाच दुखण्याचं टोक एका कार्डात आणि मूळ दुसऱ्या कार्डात. १९६५ मध्ये मेडिकेअर आलं तेव्हा त्यातूनही दात वगळले गेले, आणि मूळ मेडिकेअरमध्ये नेहमीचं दातांचं काम आजही बसत नाही. आपल्यातल्या ज्येष्ठांना हे चांगलं ठाऊक आहे.

पुढचं थोडक्यात. मी नाकाच्या डॉक्टरांना फोन केला. मला वाटलं चिडतील. पण त्यांनी स्कॅन पुन्हा उघडून पाहिला, दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले की तुझी बहीण बरोबर असू शकेल. त्यांनीच रूट कॅनलच्या तज्ज्ञांकडे पाठवलं आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. तिथे आधी साधा एक्स-रे काढला. त्यात काहीही दिसलं नाही! मी खचलो. पण त्या बाई म्हणाल्या की वरच्या दाढांचा साधा एक्स-रे फसवा असतो, तीन मुळं आणि सायनसची रेषा एकावर एक येतात. मग त्यांनी कोन बीम सीटी काढला. उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती एक गिरकी घेतं, मिनिटाच्या आत काम. त्यात सगळं उघड झालं. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन असली तरी निम्म्याहून जास्त लोकांत नळ्या चार असतात. चौथी असते केसाएवढी, पुढच्या मुळात लपलेली. माझ्या तीन भरलेल्या होत्या. चौथी तशीच राहिली होती. विमान पकडायच्या घाईत!

मायक्रोस्कोपखाली दोन बैठकांत त्यांनी जुनं काढून चारही नळ्या साफ करून भरल्या. मधल्या काळात अँटिबायोटिक्स आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं चालू होतं. पहिल्या महिन्यात वास गेला. तीन महिन्यांनी नाकाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, सायनसचं तोंड उघडं, पू नाही. ऑपरेशन झालं नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी मी वर कॉम्प्युटरवर बसलो होतो आणि एकदम लक्षात आलं की खाली आंबेमोहोर शिजतोय. दोन वर्षांनी तो वास आला. मी खाली जाऊन कुकरपाशी नुसता उभा राहिलो. बायको म्हणाली, 'भूक लागली का?'

आता कृपा करून असं समजू नका की सगळ्यांचं असंच होतं. कित्येकांना दाढेचं काम आणि सायनसचं ऑपरेशन, दोन्ही लागतात. काहींची दाढ वाचत नाही, काढावीच लागते. काय आधी करायचं हे नाकवाले आणि दातवाले यांनी मिळून ठरवायचं असतं. २०२१ मध्ये दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या आजाराच्या निदानाबद्दल एक निवेदन काढलं, त्यात हेच आहे: दातांची बाजू डेंटिस्टने तपासायची, सायनसची बाजू कान-नाक-घशाच्या डॉक्टरने, आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं. त्याच्या आधी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रूट कॅनल तज्ज्ञांच्या संघटनेनेही यावर भूमिका मांडली होती. म्हणजे गाडी योग्य रुळावर येते आहे.

हे किती जणांना होतं? जुन्या पुस्तकांत गालाच्या सायनसच्या दुखण्यांपैकी दहा-बारा टक्के दातांमुळे, असं असे. सीटी स्कॅन सर्रास व्हायला लागल्यावर काही अभ्यासांत हा आकडा चाळीस टक्क्यांच्या आसपास गेला, आणि एकाच बाजूचं जुनाट दुखणं असेल तर त्याहूनही वर. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे: दोन्ही नाकपुड्या वाहतायत, डोळे खाजतायत, शिंका येतायत, तर ती बहुधा ऍलर्जीच. दाढा उपटायला धावू नका! पण एकच बाजू, घाण वास, औषधाने तात्पुरतं बरं आणि पुन्हा सुरू, असं असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, 'त्या बाजूच्या दाढेचं रूट कॅनल झालंय', किंवा 'दाढ काढली आहे', 'इम्प्लांट बसवलंय'. त्यांनी विचारायची वाट पाहू नका. आणि उलटही तितकंच खरं. एकाच बाजूच्या त्रासामागे बुरशीची गाठ, मांसाची वाढ, क्वचित गंभीर आजारही असू शकतो. त्यामुळे नुसत्या डेंटिस्टकडे जाऊन थांबू नका, नाकात दुर्बीण घालून पाहून घ्याच. डोळ्याभोवती सूज आली, दोन-दोन दिसायला लागलं, खूप ताप आणि मान ताठ झाली, तर भाषण आठवत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा. सायनसच्या वरच्या मजल्यावर डोळा राहतो.

भाषणानंतर बरेच प्रश्न आले. त्यांतले दोन-तीन इथे देतो.

एका काकांनी विचारलं की त्यांची दाढ काढल्यापासून पाणी प्यायलं की थेंब नाकातून येतो, हे वयामुळे का? समोरच्या रांगेतले आपले डेंटिस्ट उभेच राहिले. वयामुळे नाही. दाढ काढताना तोंड आणि सायनस यांच्यात भोक राहिलं असेल, ते बुजवावं लागतं. काकांनी त्यांची अपॉइंटमेंट हॉलमध्येच घेतली. त्याच अनुषंगाने त्यांनी सांगितलं की वरची दाढ काढल्यावर काही दिवस नाक जोरात शिंकरायचं नाही आणि स्ट्रॉने काही प्यायचं नाही.

एका वहिनींचा प्रश्न माझ्या वर्मावरच होता. 'मग भारतात जाऊन दात करून घ्यायचे नाहीत का?' तसं मी अजिबात म्हणत नाही. ज्या दाढेने मला छळलं ती तिथलीच आणि जिने मला वाचवलं तीही तिथलीच. तिथले डेंटिस्ट उत्तम आहेत. वाईट आहे ती आपली तीन आठवड्यांची सुट्टी, ज्यात दोन लग्नं, कुलदैवत आणि रूट कॅनल बसवायचं असतं. दातांचं काम असेल तर पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात जा, शेवटच्या नाही. पुन्हा बोलावलं तर जा. आणि येताना एक्स-रे आणि काय केलं त्याचा कागद मागून आणा. माझ्याजवळ २०१३ चा एकही कागद नव्हता.

शेवटचा प्रश्न माझ्या लेकीने विचारला. ती आता नऊ वर्षांची आहे आणि मागच्या रांगेत कंटाळून बसली होती. तिने हात वर करून विचारलं, 'बाबा, पण त्या बाईंचं पीस मग बाहेर कसं काढलं?' ते हायमोरने कुठे लिहून ठेवलं असेल तर मी अजून वाचलेलं नाही. रात्री झोपताना तिला तीच गोष्ट पुन्हा हवी होती, तेव्हा शेवट मी माझ्या मनाने रचला. दंडावर डोकं होतं, त्यामुळे मला पान उलटायला हात मोकळा नव्हता.